अपुरं काम कुठं लिहायचं?

मी बायोडाटा शेवटाकडून वाचते. ही सवय नोकरीत लागली आणि निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आमचे हे म्हणतात, "तुझ्या हाती लग्नपत्रिका दिली तरी तू आधी अगदी खालचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' वाचशील." वाचतेच मी. वर सगळी कुलदैवतं आणि पदव्या असतात, घरात खरोखर काय चाललंय ते खालीच कळतं.

माझी सगळी नोकरी परभणीत मृदाशास्त्र शिकवण्यात झाली. मृदाशास्त्र म्हणजे मातीचा अभ्यास, आमच्या सासूबाईंच्या भाषेत, "पगार घेऊन माती चिवडणं." त्या नोकरीला एक शेपूट होतं. कुठल्याही महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा निघाली की निवड समिती बसते. संस्थेचे अध्यक्ष असतात, प्राचार्य असतात, आणि निदान एकाला तरी विषय कळावा म्हणून बाहेरून विषयतज्ज्ञ बोलावतात. ते बाहेरचं माणूस बऱ्याचदा मी असे. कधी सेलू, कधी मानवत, कधी जिल्ह्याबाहेर. एसटीनं जायचं, पोहे खायचे, आणि दिवसभर घाबरलेल्या पोरांना प्रश्न विचारायचे.

उमेदवाराच्या बायोडाटात छापून आलेल्या लेखांची यादी असते. तिचे गुण ठरलेले असतात, त्यामुळं समितीतले सगळे तीच वाचतात. तिच्याखाली एक लहानसा भाग असतो, अजून पुरं न झालेल्या कामांचा. त्याची स्वतःची भाषा आहे. 'स्वीकृत' म्हणजे संपादकानं होकार कळवलाय, छपाई तेवढी बाकी. 'पाठवलेला' म्हणजे लेख गेलाय, उत्तर आलेलं नाही. 'तयारीत' म्हणजे लग्नाला येणाऱ्या पाहुण्यानं फोनवर "निघालोच" म्हणावं तसं; कदाचित गाडीत बसलाय, कदाचित अजून अंघोळ व्हायचीय. आणि सगळ्यात शेवटी 'काम चालू'. त्यात काहीही मावतं.

या भागाला गुण जवळपास नसतातच. मला मात्र उत्सुकता तिथलीच. छापलेलं काम पुष्कळदा गाइडनं नेमून दिलेलं असतं. चालू काम माणसानं स्वतःहून अंगावर घेतलेलं असतं, कुणी सांगितलेलं नसताना. म्हणून मी तिथल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवायची आणि विचारायची, "याचं पुढं काय झालं?"

या प्रश्नानं मी पुष्कळांचा घाम काढलाय. एका गृहस्थांच्या बायोडाटात 'कोरडवाहू मातीवरील ग्रंथाचे लेखन चालू' अशी ओळ होती. पुढच्या एका मुलाखतीत ते पुन्हा समोर आले, ओळ तीच. "कितव्या प्रकरणावर आहात?" मी विचारलं. ते म्हणाले, "विषय लय मोठाय, मॅडम." तिसऱ्यांदा भेटले तेव्हा त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, "मॅडम, तुम्ही असाल या धास्तीनं पहिलं प्रकरण लिहून आणलंय." पिशवीतून काढून दाखवलं. बरं होतं की! दुसरं लिहिलं की नाही ते मला कळलं नाही, अजूनही कधी आठवण झाली की विचारावंसं वाटतं.

दुसऱ्या एकानं लेख 'पाठवलेला' लिहिलं होतं आणि ज्या पत्रिकेचं नाव दिलं, तिचे संपादक माझ्या शेजारीच तज्ज्ञ म्हणून बसले होते. भला माणूस तो. त्यांनी पाण्याचा पेला उमेदवाराकडं सरकवला आणि ते म्हणाले, "आमच्याकडं पोचला नाही अजून. टपालात असेल." पोरगा पाणी प्यायला आणि म्हणाला, "सर, खरं सांगू का, तो अजून माझ्या डोक्यातच हाय." सगळे हसले. नोकरी त्याला मिळाली नाही, पण मला तो आवडला.

हसण्यासारखं सगळंच नव्हतं. मानवतकडचा एक शांत उमेदवार होता. त्याच्या बायोडाटात शेवटचा भागच नव्हता. मुलाखत बेताची झाली, गुण देऊन झाले. दुपारी एसटी स्टँडवर तो भेटला आणि बोलता बोलता कळलं की आपल्या गावच्या विहिरींचं पाणी हा गडी कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात तपासतोय. पाण्यातला खारटपणा रानात कसा चढत जातो ते बघतोय. "अहो, मग लिहिलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "पुरं झालं न्हाई ना मॅडम. अपुरं कसं लिवावं?" माझा जीव हळहळला. खोटी कामं ऐटीत मिरवणारे एवढे बघितले, आणि खरं काम ज्याच्याकडं होतं त्याला ते सांगायची लाज वाटली.

त्या दिवशीच मी ठरवलं की निवृत्तीनंतर पोरांना हे एवढं तरी शिकवायचं. तसं ते चालू आहे. मुलाखत जवळ आली की पोरं-पोरी आमच्या ओसरीवर येतात. मी बायोडाटा मागून वाचते, आमचे हे चहा करतात. यंदा उन्हाळा लागता लागता मंगल आली ती अशीच.

मंगल चारठाण्याजवळच्या एका गावची. घर मेंढपाळाचं, वडिलांचा, खंडूभाऊंचा, स्वतःचा कळप. तिनं मृदाशास्त्रात पीएच.डी. केली आणि सेलूला तासिका तत्त्वावर शिकवू लागली, म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते त्यांच्या मर्जीवर. आता एका कृषी महाविद्यालयात कायमची एक जागा निघाली होती. तिकडं विदर्भात खताच्या एका कंपनीनंही तिला नोकरी देऊ केली होती.

"ही जागा झाली तर मी इथंच राहीन मॅडम, न्हाई झाली तर जावं लागतंय," ती म्हणाली.

"जा की मग. कंपनीत काय वाईट आहे?"

"माझे पट्टे हायत ना रानात."

असं म्हणून तिनं माझ्यापुढं दोन कागद ठेवले. दोन्ही तिच्याच बायोडाटाची शेवटची पानं. एकात लिहिलं होतं, 'मेंढ्या बसवण्याचा जमिनीवरील परिणाम : लेख प्रकाशनासाठी पाठवलेला.' दुसऱ्यात ती ओळच नव्हती. सोबतच्या प्राध्यापकानं पहिला कागद द्यायला सांगितलं होतं, हिच्या मनानं दुसरा घेतला होता.

"आणि खरं काय?"

खरं असं होतं. आमच्याकडं पेरणीआधी मोकळ्या रानात मेंढ्या बसवतात. रात्री जाळं लावून कळप एका जागी कोंडायचा, लेंड्या आणि मूत त्या जमिनीत जिरतं, दुसऱ्या रात्री जाळं पुढं सरकवायचं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत. रान सुधारतं असं सगळेच सांगतात, पण कसं, किती, कुठल्या मातीत, हे मोजायला मंगल निघाली होती. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या एका शेतकऱ्याच्या रानात तिनं सारखे सहा पट्टे आखले. एकाआड एक पट्ट्यात मेंढ्या बसवायच्या, मधल्या तिन्हींत नाही. सहाही पट्ट्यांत सोयाबीन एकच, पेरणी एकाच दिवशी. न बसवलेल्या पट्ट्यांना आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. ते नसतील तर सुधारणा मेंढ्यांनी झाली की पावसानं, हे कळायला मार्ग नाही. तीन वर्षं सलग करायचं होतं.

"पहिल्या वर्षी काय आलं?" माझा चहा गार झाला होता.

"थोडा फरक दिसला मॅडम. पण पाऊस लय झाला. एका जोडीत तर उलटंच, बिगर मेंढ्यांचा पट्टा वर."

"वा! मग दुसऱ्या वर्षी?"

मंगलनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दुसऱ्या वर्षी आबांनी सगळ्याच पट्ट्यांत बसवल्या."

झालं होतं असं की त्या आठवड्यात ती सेलूला परीक्षेच्या कामात होती. खंडूभाऊ कळप घेऊन रानात गेले. ठरल्याप्रमाणं तीन पट्टे झाले. पुढं निघताना त्यांचा पाय निघेना. मागं वळले, आणि मधले तिन्ही पट्टेही बसवून काढले. त्याचे शेतकऱ्याकडून पैसेही घेतले नाहीत. वर लेकीला आनंदानं फोन केला.

"काय म्हणाले फोनवर?"

मंगलनं वडिलांचा आवाज काढला. "म्हणले, 'बाई, पंगतीत एकाआड एक पान वाढायचं आन् मधल्याला उपाशी उठवायचं, हे आपल्या घरात कवा झालं न्हाई. मला बघवना. म्या समद्यास्नी वाढून टाकलं. तू काळजी करू नको.'"

आमचे हे आतून हसत बाहेर आले आणि तिचा चेहरा बघून पुन्हा आत गेले. पंगतीत दुजाभाव करणं हे आमच्याकडं किती मोठं पाप, हे मी वेगळं सांगायला नको. खंडूभाऊंनी मातीच्या बाबतीतही ते होऊ दिलं नव्हतं. शेतकरी तर एवढा खूश झाला की त्यानं त्यांना बसवून चहा पाजला. आणि मंगलचं दोन वर्षांचं काम त्या दिवशी मोडलं, कारण आता तुलना करायला काही उरलंच नाही.

"रागावलीस?"

"कोणावर रागवू मॅडम? 'बरं आबा' म्हणले आन् फोन ठेवला."

मी तिचे दोन्ही कागद उलटे केले आणि म्हटलं, तिसरं लिही. अपुरं काम लिहायची माझी रीत साधी आहे: काय विचारलं होतं, कुठवर आलं, का अडलं, हे सरळ शब्दांत सांगायचं. तिथंच बसून तिनं लिहिलं. 'मेंढ्या बसवण्याचा जमिनीवरील परिणाम. अपूर्ण. पहिल्या वर्षाची मोजणी झाली. दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांनी कंट्रोलच्या पट्ट्यांतही मेंढ्या बसवल्या, त्यामुळे तुलना शक्य नाही. प्रयोग नव्याने सुरू करायचा आहे.'

"हसतील मॅडम."

"हसू देत."

"तुमचं काय जातंय हसायला? जागा माझी जाईल."

बोलली ते खरं होतं. मी तिला म्हटलं, "मी समितीत नाही, मी हमी देऊ शकत नाही. पण खोटं लिहिलंस आणि माझ्यासारखी एखादी बसलेली असली तर?" तिनं तिन्ही कागद पिशवीत घातले. कुठला कागद देणार ते न सांगताच निघून गेली.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी ती थेट आमच्याकडं आली. चप्पल काढायच्या आत म्हणाली, "मॅडम, तिसराच दिला."

मग तिनं सांगितलं ते असं. प्रबंधावर दोनच प्रश्न झाले. मग बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई शेवटच्या पानावर आल्या, त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, आणि अपेक्षेप्रमाणं सगळे हसले. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. ते स्वतः कास्तकार. ते म्हणाले, "वडलांचं काय चुकलं? रान उपाशी ठेवायचं म्हणजे काय? मी असतो तरी बसवल्या असत्या."

आणि मंगल, जी एरवी माझ्यापुढं मान वर करून बोलत नाही, ती त्यांच्याशी वाद घालायला लागली. "साहेब, समजा तुमच्या दोन बैलांपैकी एकालाच पेंड घातली आन् तो तगडा झाला, तर ती पेंडीमुळं हे तुमी कशावरून म्हणता? दुसऱ्या बिगर पेंडीच्या बैलाकडं बघूनच ना? दोघांना बी पेंड घातली तर पेंडीनं काय केलं ते कसं कळायचं? माझे उपाशी पट्टे म्हणजे तो दुसरा बैल."

अध्यक्षांनी मान डोलावली. "हां. आत्ता आलं ध्यानात," म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं, "मला आत्ता सांगितलंस एवढं चांगलं. बापाला का नाही सांगितलं?"

माझ्यासमोर ते सांगताना मंगलचे डोळे भरले होते. "मॅडम, साहेब बरोबर बोलले. विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत सांगितलं. आबांना फक्त म्हणले होते, 'या पट्ट्यात बसवा, त्यात नका बसवू.' का, ते सांगितलंच न्हाई. त्यांना कळणार न्हाई असं मी धरूनच चालले."

"मग अध्यक्षांना काय म्हणालीस?"

"म्हणले, 'चुकलं साहेब. आज जाऊन सांगते.'"

निकालाचं लगेच सांगून टाकते, उगीच ताणत नाही. मंगलची निवड झाली. कंपनीला तिनं नाही म्हणून कळवलं आणि पट्टे नव्यानं आखायला घेतले. तज्ज्ञ बाईंनी काय विचार केला ते मला माहीत नाही, मी विचारलेलंही नाही. पण जागा मिळाल्यानं काम पुरं होणार असं नव्हतं. ते अवलंबून होतं खंडूभाऊंवर. कळप त्यांचा होता आणि मन त्यांचं मानायला हवं होतं. म्हणून पेढे घेऊन आली तेव्हा मी आधी तेच विचारलं, "सांगितलंस का आबांना?"

"सांगितलं. रानात नेऊन सांगितलं, बैलांचं बी सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग उठले आन् मेंढ्यांकडं गेले."

हे मला चैन पडू देईना. पेरणीच्या थोडं आधी एक दिवस मी जिंतूरची एसटी धरली. "या वयात लेंड्या मोजायला निघालीस," आमचे हे म्हणाले, पण डबा करून दिला. चारठाण्यात देवळांपाशी मंगल स्कूटी घेऊन उभी होती.

रानात पोचलो तर लांबूनच दिसलं. तीन पट्टे लेंड्यांनी काळे झाले होते आणि मधले तीन झाडून घेतलेल्या अंगणासारखे स्वच्छ. खंडूभाऊ बांधावर बाभळीखाली बसले होते. मला बघून उठले, डोक्याचं फडकं सारखं केलं.

"या मॅडम. तुमीच का त्या, पोरीच्या कागदावर माझं नाव लिवायला लावणाऱ्या?"

"नाव नाही लिहिलं. 'वडील' एवढंच लिहिलं."

"एकच की," ते म्हणाले आणि हसले. हसण्यात राग नव्हता.

त्यांनी मला काम कसं केलं ते दाखवलं. मेंढी एकीच्या मागं एक जाते, मोकळं रान दिसलं की पसरते. मधल्या पट्ट्यात एकीचाही पाय पडू नये म्हणून रोज संध्याकाळी सगळा कळप बांधावरून वळसा घालून पलीकडं न्यायचा. नवी पिल्लं बांधावरून घसरायची, ती काखेत मारून न्यायची. एरवी जाळं नुसतं पुढं सरकवलं की झालं असतं.

"जिवावर आलं बरं का," ते म्हणाले. "रोज त्या पट्ट्याकडं बघू वाटत नव्हतं. पर पोरीनं बैलाचं सांगितलं ते पटलं. पटलं म्हणून ठिवलं उपाशी."

मी म्हटलं, "लय मोठं काम केलंत, खंडूभाऊ."

ते खाली बसले. मातीतलं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडत राहिले. मंगल पलीकडं पट्ट्यांच्या खुंट्या तपासत होती, तिच्याकडं एकदा बघून त्यांनी आवाज बारीक केला.

"मॅडम, एक इचारू का? पोरीला इचारलं न्हाई म्या."

"विचारा ना."

"समजा ह्या उपाशी पट्ट्यात बी तेवढंच पीक आलं तर?"

इतक्या मुलाखती घेतल्या, हा प्रश्न कुणी मला विचारला नव्हता. त्यांचे वडील, आजे, सगळे आयुष्यभर कळप घेऊन रानोरान हिंडले, कारण आपल्या मेंढ्या बसल्या की रान पिकतं. पहिल्या वर्षी एका जोडीत उलटं आलं होतं, हेही मंगलनं त्यांना सांगून टाकलं होतं. मधले पट्टे रिकामे ठेवले तर काय उघडं पडू शकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. ते ओळखूनच त्यांनी रोज बांधावरून वळसा घातला होता.

"तर तेही तसंच लिहावं लागेल, खंडूभाऊ," मी म्हटलं. मला वाईट वाटत होतं, पण दुसरं सांगण्यासारखं नव्हतं.

"लिवा की," ते म्हणाले. ढेकळाची माती हातातून सोडली, हात झटकले, आणि पट्ट्यांकडं बघत म्हणाले, "पर आता कळल्याबिगर जीव ऱ्हायचा न्हाई. लेकीला म्हणलंय, वजन करायच्या दिशी तराजूपाशी म्या बसणार."